बेनिनला जायचंय? लसीच्या कार्डापासून झेमच्या (मोटरसायकल टॅक्सीच्या) मागच्या सीटपर्यंत, पण फक्त दक्षिणेपुरतं

बेनिनला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, हे कुठे आलं? नकाशावर नायजेरिया सापडला की त्याच्या डावीकडे बघा, त्यापलीकडे टोगो, आणि या दोघांच्या मध्ये जी उभी चिंचोळी पट्टी आहे ते बेनिन. खाली समुद्र, वर नायजर आणि बुर्किना फासो. आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षा थोडासा मोठा. 1960 पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होता, तेव्हाचं नाव दाहोमी, बेनिन हे नाव 1975 चं. भाषा फ्रेंच, त्यामुळे आपल्याकडचे लोक घाबरून सरळ घाना किंवा केनियाला जातात, ते मला तरी पटत नाही. कारण व्हिसा घरी बसून मिळतो, बघण्यासारख्या बहुतेक जागा एकमेकींपासून दोन-तीन तासांवर आहेत आणि गर्दी जवळपास नाही. फक्त तयारी नीट क्रमाने करावी लागते, आणि तो क्रम चुकला की पैसेही जातात आणि तारखाही.

पायरी 1: कुठे जायचं नाही ते आधी ठरवा

जुने लेख आणि व्हिडिओ बघितले तर सगळे सांगतील उत्तरेतलं पांजारी नॅशनल पार्क बघा, सिंह आणि हत्ती बघा, नातितिंगूच्या बाजूला मातीची किल्ल्यासारखी घरं आहेत ती बघा. ही घरं खरंच सुंदर आहेत, टोगोच्या बाजूचा हा भाग आधीपासून जागतिक वारशात होता आणि 2023 मध्ये बेनिनचा भागही त्यात आला. पण आत्ता नाही. बुर्किना फासो आणि नायजरच्या हद्दीला लागून असलेल्या जंगलपट्ट्यात जिहादी गटांचे हल्ले होतात, 2019 मध्ये पांजारीत दोन फ्रेंच पर्यटकांचं अपहरण झालं आणि त्यांच्या गाइडचा खून झाला, 2025 मध्ये तर लष्करी तळांवर मोठे हल्ले झाले आणि एप्रिलमधल्या एकाच हल्ल्यात पन्नासहून जास्त सैनिक गेले. कोणी लोकल ऑपरेटर म्हणाला की काही होत नाही साहेब, मी नेतो, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. तुमचा ट्रॅव्हल इन्शुरन्सही अशा भागात बहुतेक वेळा लागू होत नाही, पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा.

दक्षिण भाग वेगळा आहे. कोटोनू (सगळ्यात मोठं शहर, विमानतळ इथेच), वीदा, अबोमे, पोर्तो-नोव्हो, ग्राँ-पोपो हा सगळा टापू रोजच्या व्यवहारात शांत आहे. तरी 7 डिसेंबर 2025 ला काही सैनिकांनी टीव्ही स्टेशन ताब्यात घेऊन सत्तापालट झाल्याचं जाहीर केलं होतं, तो प्रयत्न त्याच दिवशी मोडून काढला, पण मुद्दा असा की तिकीट काढायच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात बातम्या बघाच. फ्रान्स आणि ब्रिटन त्यांच्या नागरिकांसाठी जे रंगीत नकाशे टाकतात ते आपल्यालाही चालतात, लाल भागात पाय टाकायचा नाही एवढं साधं गणित.

पायरी 2: कधी जायचं

दक्षिणेत पावसाळे दोन. मोठा एप्रिल ते जुलै, छोटा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास. म्हणून नोव्हेंबर संपत आला की फेब्रुवारीपर्यंत जा. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून हरमाटान नावाचा कोरडा वारा येतो, आकाश धुळकट होतं, फोटो जरा फिके येतात, ओठ फुटतात, पण घाम कमी येतो आणि कोटोनूच्या दमट हवेत ही फार मोठी सोय आहे. मार्चमध्ये उकाडा जीव काढतो.

जानेवारीचं एक वेगळं आहे. तिथे वोदूनचा राष्ट्रीय सण असतो, पूर्वी तो 10 जानेवारीला असायचा, आता जानेवारीतला दुसरा शुक्रवार आणि त्याच्या आधीचा गुरुवार अशी सुट्टी असते. वोदून म्हणजे सिनेमातली सुया टोचलेली बाहुली नाही, तो तिथला जिवंत धर्म आहे, देवता आहेत, पुजारी आहेत, घराण्याच्या पूजा आहेत. 2024 पासून सरकार वीदा गावात ‘वोदून डेज’ नावाचा मोठा कार्यक्रम करतं, मुखवटे, नाच, समुद्रकिनाऱ्यावर कॉन्सर्ट. बघण्यासारखं आहे पण त्या आठवड्यात वीदात खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव विचारू नका. जायचं असेल तर सहा महिने आधी बुकिंग करा, नाहीतर मुद्दाम जानेवारीच्या शेवटी जा. मला विचाराल तर दुसरा पर्याय घ्या, गर्दी ओसरल्यावर लोक निवांत बोलतात.

पायरी 3: कागदपत्रं, आणि याच क्रमाने

पहिल्यांदा पासपोर्ट. संपायला सहा-आठ महिने उरले असतील तर आधी रिन्यू करा, कारण पुढचं सगळं पासपोर्ट नंबरवर चढतं, लसीचं कार्डसुद्धा.

मग यलो फिव्हरची लस. याशिवाय बेनिनमध्ये प्रवेश नाही. लस कुठल्याही फॅमिली डॉक्टरकडे घेऊन चालत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि तिथेच ते पिवळं आंतरराष्ट्रीय कार्ड मिळतं. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना ही नेहमीची ठिकाणं, इतर शहरांतली केंद्रं केंद्रीय आरोग्य खात्याच्या यादीत सापडतात. अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि सुट्ट्यांच्या सीझनला ती पटकन मिळत नाही. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं, 2016 पासून दर दहा वर्षांनी परत घ्यायची भानगड गेली. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठच्या पुढे असेल, प्रेग्नन्सी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी नीट बोला, ही जिवंत लस आहे.

आणि हे कार्ड जाताना लागतं तसंच येतानाही लागतं. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचं काउंटर असतं, बेनिन यलो फिव्हरच्या यादीतला देश आहे आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवतात. कार्ड चेक-इन बॅगेत टाकू नका, पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.

तिसरा व्हिसा. बेनिनचा ई-व्हिसा आहे आणि तो खरंच ई-व्हिसा आहे, म्हणजे एम्बसीत चकरा नाहीत. सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट बीजे’ने संपतो हे लक्षात ठेवा, कारण सर्चमध्ये वर वर एजंटांच्या साइट येतात त्या दुप्पट पैसे घेतात आणि काम तेच करतात. 30 दिवसांचा सिंगल एंट्री 50 युरो, मल्टिपल एंट्री 75, 90 दिवसांचा 100 युरो असे दर आहेत, भरायच्या दिवशी साइटवर जो आकडा दिसेल तो धरा. पासपोर्टचं स्कॅन, कधी येणार आणि कुठे राहणार एवढंच मुख्य विचारतात. प्रवेशाची तारीख विचार करून टाका कारण दिवस तिथून मोजले जातात. पीडीएफ आला की दोन प्रिंट काढा. मोबाइलवर दाखवतो असं म्हणू नका, बॅटरी आणि नेटवर्क नेमकं त्याच वेळी दगा देतं.

टोगोलाही जायचं असेल, म्हणजे लोमे शहर बघून परत यायचं असेल, तर बेनिनचा मल्टिपल एंट्रीच घ्या आणि टोगोची परवानगी वेगळी ऑनलाइन काढा. एकाच्या व्हिसावर दुसरीकडे जाता येत नाही.

व्हिसा हातात आल्यावर तिकीट. भारतातून थेट फ्लाइट नाही. मुंबईहून सगळ्यात सरळ पडतं ते इथिओपियन, आदिस अबाबाला बदलायचं. इस्तंबूल किंवा पॅरिसवरूनही जाता येतं पण उगाच वर जाऊन खाली येणं आहे, आणि पॅरिसला ट्रान्झिट व्हिसाचं बघावं लागतं. कोटोनूचा विमानतळ ‘काजेहून’ नावाच्या भागात आहे, शहराच्या अगदी मधोमध, त्यामुळे रात्री उतरलात तरी हॉटेल लांब नाही.

इन्शुरन्स घेताना एकच गोष्ट बघा, मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का. बाकी बॅग हरवली वगैरेचे पैसे कमी-जास्त झाले तरी चालतं. आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर बेनिनचं काम बघणाऱ्या भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर बघून कागदावर लिहून घ्या.

पायरी 4: पैसे

चलन सीएफए फ्रँक, तोच टोगो, सेनेगल, आयव्हरी कोस्टमध्येही चालतो. युरोला कायमचा बांधलेला आहे, 1 युरो म्हणजे 655.957 फ्रँक, त्यामुळे कोण किती फसवतंय ते लगेच कळतं. डोक्यात हिशोब करायला 1000 फ्रँक म्हणजे दीड युरो धरा.

घरून युरो न्या. डॉलरही चालतात पण भाव तितका चांगला मिळत नाही. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या. कार्ड व्हिसाचं ठेवा, मास्टरकार्ड बऱ्याच मशीनमध्ये चालत नाही, रुपे आणि यूपीआय विसरा. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करायला विसरू नका, ओटीपी भारतातल्या सिमवर येणार असेल तर रोमिंगचं बघा. कोटोनूत इकोबँक, बँक ऑफ आफ्रिका वगैरेंची एटीएम भरपूर आहेत, छोट्या गावात मशीन असतं पण त्यात पैसे असतीलच असं नाही. म्हणून अबोमेला किंवा ग्राँ-पोपोला निघताना दोन-तीन दिवसांची कॅश जवळ ठेवा.

खरा त्रास सुट्ट्या पैशांचा. एटीएममधून 10,000 च्या नोटा येतात आणि झेमवाल्याकडे, फळवालीकडे त्याचे सुट्टे नसतात, किंवा असतात पण नाही म्हणतात. सुपरमार्केटमध्ये काहीतरी घेऊन मोठी नोट मोडा आणि 500 च्या नोटा व नाणी वेगळ्या खिशात साठवत जा. हे काम रोज सकाळी करायचं.

पायरी 5: उतरल्यावरचा पहिला दिवस

पहिला दिवस फिरायचा नाही, जमवाजमव करायचा. सिम घ्या, एमटीएन, मूव्ह किंवा सेल्टिस, पासपोर्ट दाखवून रजिस्टर करतात. कोपऱ्यावरच्या छत्रीखाली नको, कंपनीच्या दुकानात जा. घड्याळ भारतापेक्षा साडेचार तास मागे. प्लग दोन गोल पिनांचा, आपला मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा नाही, ॲडाप्टर इथूनच न्या.

मग झेम. पूर्ण नाव झेमिजान, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, आणि कोटोनू शहर यांच्यावरच चालतं. ड्रायव्हर पिवळा शर्ट घालतात, त्यावर नंबर असतो. हात केला की थांबतो, बसायच्या आधी भाव ठरवायचा, बसल्यावर नाही. पहिल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून घ्या की अमुक ठिकाणी जायला किती, म्हणजे आकडा डोक्यात बसतो. गोझेम नावाचं ॲपही आहे, त्यात भाव आधी दिसतो आणि कारही मिळते, फ्रेंच येत नसेल तर तेच बरं. हेल्मेट प्रवाशाला मिळेलच असं नाही, जास्त दिवस राहणार असाल तर विकत घ्या. बॅग पाठीवर नको, पोटाशी. रात्री उशिरा झेम नको, कार घ्या, आणि अंधार पडल्यावर कोटोनूच्या किनाऱ्यावर भटकू नका.

रस्त्याच्या कडेला काचेच्या मोठ्या बाटल्यांमध्ये पिवळसर पातळ काहीतरी ओळीने मांडलेलं दिसेल, ते सरबत नाही. पेट्रोल आहे. नायजेरियातून चोरून आणलेलं, त्याला तिथे क्पायो म्हणतात. नायजेरियाने 2023 मध्ये सबसिडी काढली तेव्हा याचा भाव एकदम चढला होता आणि झेमचे दरही त्याबरोबर हलले.

संध्याकाळी वेळ उरला तर किनाऱ्याजवळचा अमेझॉन पुतळा बघा, 30 मीटर उंच, 2022 मध्ये उभा केला, दाहोमीच्या स्त्री सैनिकांचा. आणि झिन्सू फाउंडेशनचं आर्ट सेंटर. दान्तोक्पा बाजार प्रचंड मोठा आहे, जा पण लोकल माणसाबरोबर जा आणि फोन खिशातून काढू नका.

पायरी 6: रूट, आणि तो उलटा का करायचा

बहुतेक लोक कोटोनूहून आधी वीदाला जातात कारण ते जवळ आहे, चाळीसेक किलोमीटर. मी म्हणेन वीदा मागे ठेवा. गांव्ये, अबोमे, वीदा या तीन जागा म्हणजे एकाच इतिहासाचे तीन भाग आहेत. अबोमेच्या, म्हणजे दाहोमी राज्याच्या राजांनी आजूबाजूच्या लोकांवर स्वाऱ्या करून माणसं पकडली, वीदाच्या किनाऱ्यावरून ती युरोपियन व्यापाऱ्यांना विकली गेली, आणि जे या स्वाऱ्यांपासून पळाले त्यांच्यातले काही तळ्यावर जाऊन राहिले, ते गांव्ये. म्हणून आधी पळालेले, मग पकडणारे, मग विकण्याची जागा असं बघितलं तर गाइड काय बोलतोय ते समजतं. रस्त्यानेही हेच सोयीचं पडतं. दहा रात्री धरल्या तर कोटोनू दोन, अबोमे दोन, वीदा दोन, ग्राँ-पोपो दोन, पोर्तो-नोव्हो एक आणि शेवटची परत कोटोनू.

गांव्ये हे नोकुए तळ्यावर खांबांवर उभं असलेलं गाव, काही हजार घरं, बाजार होडीत, शाळेला होडीने. ‘फोन’ लोकांच्या, म्हणजे अबोमेच्या राजांच्या सैन्याला धर्माने पाण्यावर जाऊन हल्ला करायची बंदी होती म्हणून तोफिनू लोक इथे सुरक्षित राहिले असं सांगतात. कोटोनूहून अबोमे-कालावीच्या धक्क्यावर जायचं (हे अबोमे वेगळं, कोटोनूला चिकटलेलं उपनगर आहे), तिथे सरकारी तिकीट खिडकी आहे, दरपत्रक लावलेलं आहे. खिडकीच्या आधीच जे लोक गाठतात त्यांच्याशी बोलत बसू नका. सकाळी सातच्या आसपास निघा, नऊ-दहा नंतर ऊन आणि टूरिस्ट होड्या दोन्ही वाढतात. तिथल्या बायका फोटोला चिडतात आणि बरोबर चिडतात, त्यांच्या स्वयंपाकघरासमोरून रोज कॅमेरे जातात. कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. पाण्यात फांद्या रोवून केलेले गोल दिसतील, ती माशांची शेती, फांद्यांवर शेवाळ धरतं आणि मासे तिथे येऊन राहतात. अर्धा दिवस पुरे, रात्री राहायची गरज नाही.

तिथून अबोमे. एकूण कोटोनूपासून 140 किलोमीटरच्या आसपास, तीन तास धरून चला. शेअर टॅक्सी बोहिकॉपर्यंत सहज मिळते, तिथून झेमने नऊ-दहा किलोमीटर. शेअर टॅक्सीत पुढच्या सीटवर दोन आणि मागे चार माणसं बसवतात, आरामात जायचं असेल तर दोन सीटचे पैसे द्या, त्यात कोणाला काही वाटत नाही. रात्रीचा प्रवास हायवेवर करू नका, बंद पडलेले ट्रक दिवे न लावता उभे असतात.

अबोमेला लोक दुपारपुरते येऊन जातात आणि म्हणून त्यांना काही दिसत नाही. राजवाड्यांचा परिसर 1985 पासून जागतिक वारसा आहे, सतराव्या शतकापासून एकामागून एक राजाने आपला वाडा जुन्याच्या शेजारी बांधत नेला. मातीच्या भिंतींवर उठावाची रंगीत चित्रं आहेत, प्रत्येक राजाची खूण असते, बेहान्झिनची शार्क, ग्लेलेचा सिंह. बेहान्झिन म्हणजे फ्रेंचांशी लढलेला राजा, 1894 मध्ये शरण आला, मार्टिनिकला हद्दपार केला, 1906 मध्ये अल्जीरियात वारला. फ्रेंच सैन्याने तेव्हा लुटून नेलेल्या वस्तूंपैकी 26 वस्तू, त्यात सिंहासनं आणि वाड्याचे दरवाजेही आहेत, फ्रान्सने नोव्हेंबर 2021 मध्ये परत केल्या. परिसरात दुरुस्ती आणि नव्या म्युझियमचं काम चालू असतं, कुठला भाग उघडा आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. सकाळी वाडे, दुपारी विश्रांती, दुसऱ्या दिवशी बोहिकॉजवळचं आगोंगॉइन्तो, तिथे 1998 मध्ये रस्त्याचं काम करताना जमिनीखालच्या खोल्या सापडल्या, सैनिक लपायला वापरत असं म्हणतात. गाइडला आधीच विचारा इंग्रजी येतं का, आणि येतं म्हणाला तर दोन मिनिटं बोलून बघा. हो म्हणणारे सगळेच असतात. स्त्री सैनिकांबद्दल जरूर विचारा, पण राजांनी माणसं विकली हा विषय स्वतःहून काढलात तर काही गाइड गप्प होतात, कारण ते स्वतः त्याच घराण्यातले असू शकतात. गोडीने विचारा.

अबोमेहून परत खाली येताना अलाडावरून वीदाकडे वळा. या पट्ट्यात रस्त्याला अननसाचे ढीग असतात, साखरपाव नावाची जात आहे, पिकला तरी बाहेरून हिरवाच राहतो म्हणून लोक कच्चा समजून सोडतात. घ्या. इतका गोड अननस मी दुसरीकडे खाल्लेला नाही.

वीदाला दोन रात्री हव्यातच. गावातून समुद्रापर्यंत चारेक किलोमीटरचा रस्ता आहे, ज्यावरून गुलामांना जहाजाकडे चालवत नेत. वाटेत स्मारकं आहेत, लिलावाचा चौक, विस्मृतीचं झाड ज्याभोवती पुरुषांना नऊ आणि बायकांना सात फेऱ्या घालायला लावत असं सांगतात, आणि शेवटी वाळूत उभी असलेली ‘परत न येण्याची कमान’, ती 1990 च्या दशकातली आहे. झाडाची गोष्ट तोंडी परंपरेतली, पण लाखो माणसं या किनाऱ्यावरून गेली हे जहाजांच्या नोंदींत आहे. चालतच जा, झेमने नाही, आणि सकाळी साडेसहाला निघा कारण सावली फार कमी आहे. आता किनाऱ्यालगत पर्यटनासाठी बरंच बांधकाम झालंय, ते काहींना खटकतं, मलाही खटकतं.

गावात अजगरांचं देऊळ आहे, बरोबर समोर कॅथलिक बॅसिलिका. अजगर बिनविषारी आणि सुस्त, गळ्यात घालून फोटो काढतात, त्याचे वेगळे पैसे. दहा मिनिटांत होतं. त्यापेक्षा क्पासे राजाचं पवित्र वन निवांत बघा.

आणि गोवेकरांनी पोर्तुगीज किल्ला चुकवू नये. 1721 चा, जेमतेम हेक्टरभर जागा, आजूबाजूचा सगळा मुलूख फ्रेंचांचा झाला तरी एवढ्या तुकड्यावर पोर्तुगालचा झेंडा होता. दाहोमी स्वतंत्र झाल्यावर त्यांनी 1961 च्या ऑगस्टमध्ये तो ताब्यात घ्यायचं ठरवलं, तर तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने जाता जाता इमारतीला आग लावली. म्हणजे गोव्याच्या चारच महिने आधी. पोर्तुगालने दोन्हीकडचा दावा सोडला तो लिस्बनमध्ये 1974 ला सत्ता उलटल्यानंतरच. आत म्युझियम असतं, डागडुजीमुळे बंद-चालू होत राहतं, तेवढं विचारून जा.

ग्राँ-पोपो म्हणजे आराम. नारळ, वाळू, मोनो नदीचं मुख, खारफुटीतून होडीची फेरी. समुद्रात मात्र पोहायचं नाही, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा नाही, या सगळ्या किनाऱ्याला ओढ जबरदस्त आहे. वेळ कमी असेल तर हा टप्पा गाळा.

पोर्तो-नोव्हो कागदावर राजधानी आहे, संसद तिथे आहे पण सरकारचा बहुतेक कारभार कोटोनूतून. इथली मोठी मशीद अगदी ब्राझीलमधल्या चर्चसारखी दिसते, कारण ती ब्राझीलहून परत आलेल्या गुलामांच्या वंशजांनी बांधली. होन्मे राजवाडा आणि सोंघाई नावाचं शेतीचं केंद्र बघा, 1985 मध्ये सुरू झालं, कचऱ्यापासून गॅस, गॅसनंतर उरलेलं खत, मासे, कोंबड्या सगळं एकमेकांत गुंफलेलं आहे. शेतीची आवड असेल तर अर्धा दिवस कमी पडेल. तिथेच साधी खोलीही मिळते.

पायरी 7: खाणं, खास करून शाकाहारींसाठी

मांसाहारी असाल तर हा भाग सोडा, तुमची मजा आहे, भाजलेला मासा आणि टोमॅटो-मिरचीची चटणी सगळीकडे.

शाकाहारींचं जमतं पण डोकं वापरून. रोजचं जेवण म्हणजे पात, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, बरोबर रस्सा. रस्सा पालेभाजीचा असला तरी त्यात सुकी मासळी किंवा कोळंबीची पूड असतेच आणि ती त्यांच्या लेखी मांस नाही. म्हणून नुसतं ‘साँ व्यांद’ म्हणून भागत नाही, ‘साँ व्यांद, साँ प्वासों, साँ क्रव्हेत’ असं पूर्ण म्हणायचं, म्हणजे मांस, मासा, कोळंबी नको. मसाल्याचा क्यूब जवळपास सगळ्यात पडतो, अगदी कडक असाल तर ते धरून चला. सुरक्षित गोष्टी अशा: आलोको म्हणजे तळलेली पिकी केळी, ‘आता’ म्हणजे चवळीचे वडे (सकाळी रस्त्यावर गरम मिळतात), आबोबो म्हणजे शिजवलेली चवळी गारीबरोबर (गारी म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा), आतासी म्हणजे भात-चवळी एकत्र, फक्त वरचा रस्सा नको म्हणा. आणि वागासी, फुलानी लोकांचं चीज, बाहेरून लाल, तळून देतात, पनीरची आठवण येणाऱ्यांची सोय तिथे होते. कोनफळाच्या जातीचा याम नावाचा कंद उकडून कुटतात, त्याला इन्याम पिले म्हणतात, शेंगदाण्याच्या रश्श्याबरोबर मस्त लागतो पण रश्श्याची चौकशी करा. शेंगदाण्याची कडक कडी, क्लुइक्लुइ, प्रवासात चघळायला चांगली. कोटोनूत भारतीय रेस्टॉरंट आणि किराणा दोन्ही सापडतं, व्यापारातली आपली माणसं तिथे बऱ्याच वर्षांपासून आहेत. काजूचा धंदा हे एक मोठं कारण, बेनिनचा कच्चा काजू आपल्या कारखान्यांकडे यायचा, एप्रिल 2024 पासून त्यांनी कच्च्या काजूची निर्यात बंद करून प्रक्रिया घरीच करायला घेतली.

थेपले, मेतकूट, चटणी थोडी न्या. ताडापासून काढलेली सोदाबी नावाची दारू कोणी पाहुणचार म्हणून पुढे केली तर घोटभर पुरे, घरगुती असते आणि किती कडक आहे ते प्यायल्यावरच कळतं.

पायरी 8: तब्येत

मलेरिया वर्षभर आणि सगळीकडे, आणि आपल्याकडच्यापेक्षा जास्त घातक प्रकारचा. आपल्याला भारतात राहून सवय आहे हा समज काढून टाका. जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या ठरवा, काही गोळ्या प्रवासाच्या आधी सुरू करून परत आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत. ओडोमॉस, पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी. परत आल्यावर तीन-चार आठवड्यांतही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी पश्चिम आफ्रिकेतून आलोय. हिपॅटायटीस ए आणि टायफॉइडच्या लसीही विचारा.

पाणी सीलबंद बाटलीचं, पोसोतोमे हा तिथला ओळखीचा ब्रँड. ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं पूर्ण दिवसांची आणि प्रिस्क्रिप्शनची प्रिंट सोबत. गोळ्या रस्त्यावर किंवा बाजारात विकत घेऊ नका, हिरव्या क्रॉसची पाटी असलेलं औषधाचं दुकान शोधा.

पायरी 9: वागायचं कसं

आधी नमस्कार, मग काम. ‘बोंजूर’ न म्हणता थेट भाव विचारला तर समोरचा तोंड फिरवतो. आणि संध्याकाळ झाली की ‘बोंस्वार’. भाव विचारायला ‘से कोंब्याँ’, महाग आहे म्हणायला ‘से त्रो शेर’, पुढचं हसून जमतं. ट्रान्सलेट ॲपमध्ये फ्रेंच ऑफलाइन उतरवून ठेवा. गावात मुलं ‘योवो, योवो’ करत मागे धावतील, गोऱ्यांना म्हणतात पण आपल्यालाही म्हणतात, हात हलवायचा आणि पुढे जायचं.

सैनिक, पोलीस, विमानतळ, राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस यांचे फोटो नाही म्हणजे नाही. पूजेचे किंवा मुखवट्यांचे फोटो विचारून, आणि पैसे मागितले तर ते आधीच ठरवून. एगुनगुन, म्हणजे पूर्वजांचं रूप मानले जाणारे डोक्यापासून पायापर्यंत कापडाने झाकलेले नर्तक, धावत तुमच्याकडे आले तर मागे सरका, त्यांच्या कपड्याला हात लागलेला चालत नाही. आजूबाजूचे लोक पळतात तिकडे पळा, सगळे हसत असतात पण पळतात.

नवस, कोंबडा, रक्त हे दिसू शकतं. ज्यांना सहन होत नाही त्यांनी गाइडला आधीच सांगून ठेवावं. ग्रामदैवताच्या जत्रेत वाढलेल्या माणसाला यात फार धक्का बसत नाही.

पायरी 10: निघताना

परतीच्या आदल्या रात्री कोटोनूतच राहा, अबोमेहून किंवा ग्राँ-पोपोहून थेट विमान पकडायच्या नादी लागू नका, शहराच्या तोंडाशी ट्रॅफिक कधीही तुंबतो. पितळेच्या मूर्ती किंवा अबोमेचं तुकडे जोडून केलेलं कापड घेतलं असेल तर पावती ठेवा. जुनी, पूजेतली वस्तू म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका, खोटी निघाली तर पैसे गेले आणि खरी निघाली तर कस्टम्समध्ये अडकाल. उरलेले फ्रँक तिथेच युरोत बदला किंवा झेमवाल्याला देऊन टाका, मुंबईत हे चलन कोणी घेत नाही.